किल्ल्या आम्हीच दिल्या

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातलं घर सोडलं त्या सकाळी मी स्वयंपाकघराची भिंत पुसत बसले होते. बँकेच्या ताब्यात जाणारं घर कोण पुसतं? पण देव्हारा हलवल्यावर मागे कुंकवाचे डाग दिसले आणि ते तसेच टाकून जाणं मला जमेना. माझा नवरा मंदार किल्ल्या घेऊन दारात उभा होता. मुलगी सई वरच्या खोलीतून खाली यायला तयार नव्हती. "ममा, बट हा माझी रूम आहे," हे एकच वाक्य. तिला काय सांगणार, कप्पाळ?

मंदारची नोकरी गेली, हप्ते थकले आणि बँकेने कोर्टात अर्ज केला. सुनावणीची तारीख आली तशी मी घाबरून पुण्याला बाबांना फोन लावला. बाबांचं अख्खं आयुष्य बँकेच्या वसुली खात्यात गेलेलं. ते म्हणाले, "दारावर कागद लागायच्या आत निघा. चारचौघांत शोभा नको." भारतापुरतं त्यांचं खरंच होतं. आपल्याकडे बँकेला आधी कोर्टात केस लढवावी लागत नाही. नोटीस येते, मुदत संपते, दारावर कागद चिकटतो आणि पेपरात नावानिशी जाहिरात येते. मग सोसायटीला महिनाभर दुसरा विषय नसतो. अशी किती दारं बाबांनी स्वतः पाहिली होती.

तेव्हा आम्ही अब्रूनं निघालो. सुनावणीची वाटही न पाहता बँकेला किल्ल्या देऊन टाकल्या.

पुढे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या शीतलशी बोलणं झालं. ही माझी कॉलेजची मैत्रीण. तिचंही घर असंच जायला आलं होतं. ती फोनवर ओरडलीच. "अगं, तुम्ही हिअरिंगला गेलाच नाहीत? आमच्याकडे शेरीफ कोर्ट, तुमच्याकडे काउंटी कोर्ट, रूल्स वेगळे आहेत. पण दोन्हीकडे जज आधी तुमचं ऐकतो गं! मंदारचं ऑफर लेटर दाखवायचं ना!" कोर्टातच त्या दिवशी फुकट सल्ला देणारा वकील भेटतो, हेही तिच्याकडूनच कळलं. ती अजून तिच्या घरात राहते.

ब्रिस्टलची नोकरी तेव्हा मंदारच्या हातात आली होती. रीडिंगहून ट्रेनने जाता आलं असतं. थकलेलं हळूहळू फेडतो म्हटलं असतं, तर जजने मुदत दिली असती, बहुतेक. या 'बहुतेक'ने माझी झोप उडवली आहे. घर लिलावात पडत्या भावाने गेलं आणि उरलेलं कर्ज आमच्यामागे ब्रिस्टलला आलं. इथल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीत खिळा मारायचा तरी एजंटला ईमेल करावी लागते. सई इथल्या खोलीला 'माझी रूम' म्हणत नाही. मित्रमैत्रिणींनाही बोलवत नाही.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. रविवारी फोनवर ते विचारतात, "तमाशा तर झाला नाही ना? मग झालं तर." मी "नाही बाबा" म्हणते. त्यांच्यावर चिडायचीही सोय नाही, मायेनंच सांगितलं होतं त्यांनी.

भारतातून इकडे आलेल्यांनी आणि येणाऱ्यांनी मला घर म्हणजे काय विचारलं, तर एवढंच सांगेन. जिथून बाहेर काढण्याआधी कुणाला तरी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, ते घर. आमचं तसं होतं. कुणी काही विचारायच्या आतच आम्ही निघून आलो.