भीमाशंकरची सायकल आणि खोडदचा बिबट्या

आता तुम्ही हसणारच. हसा. पण हातातला चहा आधी खाली ठेवा, कारण मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या एका मित्राचा चहा नाकातून बाहेर आला, आणि त्याचा ठसका थांबेपर्यंत माझाच जीव अर्धा झाला. मला कशाचीही भीती वाटते, हे तुम्हाला एव्हाना ठाऊक आहेच.

गोष्ट दोन हजार दोनच्या आसपासची. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली होती. एम.एस्सी., पीएच.डी., प्रबंधाचा विषय चुंबकत्व. चौतीस वर्षं फळ्यावर डायनामो काढून मुलांना समजावला. ही बढाई नव्हे. पुढच्या फजितीचं वजन नीट कळावं म्हणून सांगतोय.

निवृत्तीनंतर माझ्या डोक्यात एकच खूळ शिरलं. नारायणगावहून भीमाशंकरला सायकलने जायचं! मंचर, घोडेगाव, डिंभे धरणाचं पाणी, मग चढ. त्यासाठी पुण्याहून लांबच्या प्रवासाची सायकलही आणली. गिअरवाली, निळीशार. रंग असा चकचकीत की त्यात वाकून बघत भांग पाडावा.

आमच्या सौभाग्यवतींनी सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“भीमाशंकरला? तुम्ही? कोपऱ्यावर दूध आणायला जाताना तीनदा कुलूप ओढून बघायला परत येता!”

“म्हणूनच जायचंय,” मी म्हणालो. आणि खरं सांगतो, ते मनापासून होतं. जन्मभर ‘जपून, जपून’ करत जगलो. एकदा तरी काही न जपता करावं असं वाटत होतं.

तिलाही ते कुठेतरी कळलं असावं. म्हणाली, “बरं. आधी खोडदला माझ्या भावाकडे जाऊन दाखवा. संध्याकाळचे निघा, म्हणजे दिव्याचीही परीक्षा होईल. पण पडायचं नाही, वाट चुकायची नाही आणि कुणाला धावाधाव करायला लावायची नाही. तिन्ही जमलं तर भीमाशंकर. नाहीतर सायकल भाच्याला.”

दहा-बारा किलोमीटरची वाट. परीक्षा सोपी होती हो!

दिवा बसवायला सिद्धार्थच्या दुकानात गेलो. सिद्धार्थ माझाच जुना विद्यार्थी. अकरावीनंतर कॉलेज सोडून सायकलीचं दुकान टाकलं आणि उत्तम चालवलं. त्याने मागच्या चाकापाशी बाटलीएवढा डायनामो लावला. खटका दाबला की डायनामोचं डोकं टायरला टेकतं, चाकाबरोबर फिरतं आणि दिवा लागतो. मागे ओढला की बंद.

लावता लावता त्याने डायनामो फ्रेमला धरणाऱ्या पट्टीतला टोकदार स्क्रू पिळला आणि माझ्या निळ्याशार रंगावर खर्रकन ओरखडा उठला!

“अरे अरे अरे! रंग!”

“सर, तार एकच असती. करंट माघारी जातो तो फ्रेममधनं. स्क्रू रंग फोडून लोखंडाला टेकला न्हाई, तर दिवा लागायचाच न्हाई.”

“ते मला माहीत आहे,” मी जरा कडक आवाजात म्हणालो. माहीत होतंच की! पण नव्या रंगाला भोक पडताना बघून पीएच.डी. कुठे आठवते?

त्याने चाक फिरवलं, दिवा लख्ख लागला. शेजारी पिठाची गिरणी धडधडत होती, एकमेकांशी बोलायलाही ओरडावं लागत होतं. ही गिरणी लक्षात ठेवा. पुढे कामाची आहे.

घरी आल्यावर माझ्या मनाने पोखरायला सुरुवात केली. ओरखड्यातून गंज चढला तर? पट्टी सैल होऊन डायनामो चाकाच्या तारांत गेला तर? मी हवेत उडून कालव्यात पडलो तर? शेवटी निघायच्या दिवशी दुपारी पाना घेऊन बसलो. डायनामो काढला. ओरखड्यावर जुन्या ट्यूबचा छान तुकडा गुंडाळला, वरून पट्टी बसवली. तरीही धीर होईना, म्हणून डायनामो सुतळीने करकचून बांधला. सहा वेढे, दोन निरगाठी.

चाक फिरवून तपासलं का, असं विचारताय? नाही. म्हटलं, निसर्गाचे नियम दुकानातून घरी येईपर्यंत थोडेच बदलणार!

संध्याकाळी निघालो. सुरेख हवा. अंधार पडायला अवकाश होता, म्हणून ठरवलं, खोडद जवळ आलं की दिवा लावू. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचा ऊस. पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अजस्र तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या. आणि त्या दिवसांत आमच्या तालुक्यात उसाकडे बघितलं की एकच गोष्ट मनात यायची. बिबट्या! रोज कुणाची शेळी, कुणाचं कुत्रं.

मी मनाला म्हटलं, बिबट्याचा विचार करायचा नाही. म्हणजे काय झालं असेल ते तुम्ही समजलात.

तेवढ्यात रस्त्यातल्या ओढ्याच्या मोरीवर सायकल दणकन आदळली. मागे काहीतरी ‘खट्’ झालं. आणि लगेच...

गुर्र्र्र्र.

माझ्या अगदी पाठीशी!

मी पायडल थांबवलं. सायकल मंदावली, तशी गुरगुरही मंदावली, खोल गेली. दबा धरतोय! वर्तमानपत्रात वाचलं होतं, झेप घ्यायच्या आधी जनावर दबा धरतं. मी जोरात पायडल मारलं. गुरगुर वाढली! मी वेग वाढवला, तोही वाढवतोय! उतार लागला, सायकल सुसाट सुटली, आणि मागचा आवाज चिरका होत थेट मानेपाशी आला. पायडल तर इतकं जड झालं होतं की वाटलं, भीतीने मांड्यांतलं बळच गेलं.

मागे वळून बघितलं का? अहो, मी कुलूप तीनदा बघणारा माणूस. पण बिबट्या एकदाही बघायची माझी हिंमत झाली नाही.

मेहुण्याची वस्ती दिसली तशी मी घंटी वाजवत बोंब ठोकली, “बिबट्याऽऽ! बिबट्याऽऽ!” कुंपणापाशी सायकल टाकली आणि थेट ओसरीवर चढलो.

काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! बाया शेरडं आत ओढू लागल्या. कुणी थाळ्या बडवू लागलं, कुणी पत्र्याचे डबे. लग्नातले उरलेले फटाके निघाले. मेहुणा रामभाऊ कुऱ्हाड घेऊन धावत आला.

“दाजी! लागलं न्हाई ना कुठं? कुठं व्हता?”

“मागे... पाठीशी... मोरीपासून!”

“केवढा व्हता?”

आता इथे गप्प बसायला हवं होतं की नाही? पण चौतीस वर्षांची खोड! कुणी प्रश्न विचारला की उत्तर दिल्याशिवाय माझ्याने राहवत नाही.

“पाहिला नाही, पण आवाजावरून... साधारण पूर्ण वाढलेला.”

“एकच व्हता?”

मी विचार केला. सुरुवातीचा आवाज खोल, नंतरचा चिरका. एकाच प्राण्याच्या गळ्यातून दोन पट्ट्या?

“दोन असावेत,” मी म्हणालो. “एक मोठा आणि एक लहान.”

“मादी हाय!” गर्दीतून कुणीतरी ओरडलं. “पिल्लासंगं हाय! पिल्लावाली लई वंगाळ!”

झालं! शेजारच्या मळ्यात कांद्याला पाणी भरणाऱ्यांना हाका मारून माघारी बोलावलं. रामभाऊने आधी नारायणगावला फोन लावला, “ताई, दाजी वाचले गं! पिल्लावाल्या मादीनं मोरीपासनं पाठलाग केला!” पलीकडून काय उत्तर आलं मला कळलं नाही, पण ‘कुणाला धावाधाव करायला लावायची नाही’ हे वाक्य माझ्या कानात आपोआप वाजलं. समोर सगळी वस्ती धावत होती.

“आता फॉरेस्टवाल्यांना सांगतो, पिंजरा घेऊन या म्हनावं,” रामभाऊ म्हणाला. नंबर फिरवता फिरवता त्याची नजर कुंपणाकडे गेली. “पर दाजींची नवी सायकल भायेरच हाय की!”

रिसीव्हर ठेवून, एका हातात कुऱ्हाड घेऊन, तो दबकत दबकत गेला. आम्ही सगळे ओसरीवरूनच बघत होतो. त्याने सायकल उभी केली आणि हळूच आत ओढली.

गुर्र्र्र्र!

“आली! आली!” एकच आरडाओरडा झाला. रामभाऊने सायकल सोडून अशी उडी मारली की तो थेट कडब्याच्या गंजीवर दिसला. दारं धडाधड लागली. मी एका कणगीमागे होतो. तिथे कसा पोचलो, आजही सांगता येणार नाही.

अंगणात उरल्या एकट्या हौसामावशी. नात्याने रामभाऊची चुलती, पण सगळ्या वस्तीची मावशी, वय ऐंशीच्या पुढचं. गुडघ्यांमुळे त्यांना पळता येत नव्हतं, म्हणून बाजेवर शांत बसल्या होत्या.

“आरं मुडद्यांनो,” त्या म्हणाल्या, “ती सायकल गुरगुरतीया.”

कुणी हललं नाही. मावशी उठल्या, काठी टेकत सायकलीपाशी गेल्या, एका हाताने कॅरियर उचललं आणि काठीने मागच्या चाकाला टोला दिला.

गुर्र्र्र्र.

जोरात दिला. गुर्र्र्रीऽऽ!

“ह्यो मोठा,” मावशी म्हणाल्या, “आन् ह्ये त्येचं पिल्लू.”

मी कणगीमागून बाहेर आलो. अंगातलं रक्त गोठणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं, बिबट्याच्या वेळी नव्हे! मोरीच्या दणक्याने खटका सुटला होता. डायनामो टायरला टेकला होता. तोच गुरगुरत होता. वेग वाढला की आवाज वाढणार, कमी केला की कमी होणार. डायनामोचं डोकं टायरवर घासत फिरताना चाकाला विरोध होणार, पायडल जड लागणार. यावर मी परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न काढत असे! पण फळ्यावरचा डायनामो कधी गुरगुरत नाही हो. आणि दुकानातला गुरगुरला, तेव्हा शेजारी गिरणी चालू होती.

कडब्यावरून उतरत रामभाऊने तबकड्यांकडे हात केला. “दाजी, ती यंत्रं आभाळापल्याडचा आवाज वळखत्यात. तुमास्नी बुडाखालचा वळखू यीना व्हय?”

सगळी वस्ती हसली. नुकती जिवाच्या भीतीने थरथरत होती, त्यामुळे फारच मोठ्याने हसली. एका बाईने तर वाटीत भाकरीचा तुकडा आणून डायनामोपुढे ठेवला.

सकाळी उजेडात परत निघालो तो आधी सिद्धार्थकडे. त्याने सुतळी कापली. “सर, ही तर खटक्यावरच आवळलीया. धक्का बसला की सुटनारच.” मग दोन बोटांनी ट्यूबचा तुकडा बाहेर काढला. “म्हनून चाक फिरूनबी दिवा लागला न्हाई. सर, रबरातून करंट जात न्हाई. अकरावीला तुमीच शिकवलं व्हतं.”

मला भरून आलं. “लक्षात आहे तुझ्या?”

“ऱ्हानारच की. त्याच पेपरात तुमी मला नापास केलं व्हतं.”

घरी पोचलो. दारात सौभाग्यवती. बातमी अर्थातच माझ्या आधी पोचली होती.

“पडलात?”

“नाही.”

“वाट चुकलात?”

“नाही.”

तिसरा प्रश्न तिने विचारला नाही. मीच सायकलीचं हँडल तिच्यापुढे केलं. “भाच्याला बोलाव,” म्हणालो.

तिने सायकलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पदर तोंडाला लावून जी हसत सुटली, ती थेट पायरीवर बसली. डोळे पुसत म्हणाली, “जा भीमाशंकरला. बिबट्या मागे आहे असं समजूनसुद्धा खोडद गाठलंत, तिथे चढाचं काय! फक्त तो डायनामो भर दिवसाही चालू ठेवा. त्या आवाजाला अख्खी वस्ती पळाली, जंगलातला बिबट्या कुठला थांबतोय?”

मी गेलो. नारायणगाव ते भीमाशंकर, रखरखीत उन्हात, दिवा लावून. घोडेगावच्या पुढे एका चहावाल्याने विचारलंच, “बाबा, दिवसाढवळ्या दिवा कशापायी?”

काय सांगणार? म्हटलं, आवाजासाठी.

आणि तो आवाज डायनामोचा आहे, हे मला पूर्ण माहीत होतं. रबर काढलेलं, सुतळी काढलेली, स्क्रू लोखंडाला टेकलेला. तरीही भीमाशंकरहून परतलो तेव्हा पाय ठणठणीत होते, पाठ ठणठणीत होती. फक्त मान आठ दिवस धरली होती.

सारखं मागे वळून वळून.