बसलेला जंपर

तुम्ही हसणारच आहात, तेव्हा तोंडातला चहा आधी नीट गिळून घ्या. मागे एकाला हा किस्सा सांगितला, तर त्याच्या नाकातून चहा आला आणि तोही दोष माझ्याच माथी आला!

मी पस्तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं. पीएचडी केली ती मराठी क्रियापदांवर. त्या प्रबंधात 'बसणे' या एकट्या क्रियापदाला मी अकरा पानं दिली आहेत. माणूस बसतो, घसा बसतो, धक्का बसतो, सदरा अंगाला नीट बसतो... असे मोजून सतरा अर्थ. परीक्षकांनी मान डोलावली होती हो! हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे माझी कीव करणं तुम्हाला सोपं जाईल.

तर, सायकल. मुलगी परदेशी गेली आणि तिची जाड टायरांची, गिअरवाली डोंगरी सायकल आमच्या डहाणूच्या घरी राहिली. निवृत्तीनंतर मी ती धरली. सकाळी चिकूच्या वाड्यांमधून निघायचं, सुरूच्या बनाशी उतरायचं, घटकाभर समुद्राकडे बघायचं आणि परत. एरवी माझं डोकं म्हणजे काळज्यांची बखर. गॅस बंद केला का? बँकेतल्या सहीचं वळण बदललं तर नसेल ना? काल त्या गृहस्थांना नमस्कार केला, तो ओळखीशिवाय तर नाही केला? पण त्या वाटेवर यातलं काहीही आठवत नाही. झाडं मागे सरकतात, ओल्या मातीचा आणि पिकल्या चिकूचा वास येतो, आणि मी कुणीच नसतो. फार बरं वाटतं कुणी नसणं.

अडचण एकच. सायकलीचा पुढचा चिमटा, म्हणजे ज्याच्यात चाक अडकवलेलं असतं तो, साधा लोखंडी होता. प्रत्येक खड्डा थेट मनगटात यायचा. बोटं बधिर व्हायला लागली. एके दिवशी हातातून कपबशी सुटली, आणि माझी बायको कुसुम बोलली.

"पाडव्यापर्यंत काय ते करा. नाहीतर सायकल भंगारात."

कुसुम बोलते ते करते. माझी स्कूटर अशीच गेली.

आशागडला रमणचं सायकलीचं दुकान आहे. त्याने सायकल उलटी करून पाहिली. "सर, जंपरवाला चिमटा टाका. स्प्रिंग असते त्यात, दणका ती खाते. नवीन नका घेऊ, जुना बघा. वेवजीला जयेशभाईंकडे मिळेल. फक्त ही वरची नळी तुमच्या सायकलीला बसली पाहिजे." आणि मापाला त्याने एक सुतळी दिली, दोन गाठी मारलेली.

बसली पाहिजे. हे दोन शब्द मी आशागडपासून तलासरीपर्यंत आणि तलासरीपासून वेवजीपर्यंत जपासारखे म्हणत गेलो. जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाई थोड्या सरकून बसल्या.

जयेशभाईंचं दुकान म्हणजे पत्र्याच्या शेडखाली जुन्या लोखंडाचा डोंगर. त्या डोंगरातून त्यांनी एक काळा चिमटा काढला. दोन लांब पाय, ध्यानाला लागलेल्या बगळ्यासारखा. मी सुतळी लावली. गाठ बरोबर गाठीवर!

"पण सर," जयेशभाई म्हणाले, "आ तो बेसी गयेलो छे. म्हणजे बसलेला आहे."

"बसलेला? वा! मला बसलेलाच हवा!"

"सर, तुमी समजले नाय. पूरा बसलेला आहे."

"मग उत्तमच! अर्धवट बसलेला घेऊन काय करू?"

"दोनी बाजूने बसलेला आहे, सर."

"एका बाजूने बसून कसं चालेल, जयेशभाई?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. खरं सांगतो, तेव्हा मी तिथे नव्हतोच. शेडपलीकडे गुजरातच्या दिशेने ताडांची एक रांग होती, वाऱ्यावर झावळ्या सळसळत होत्या, आणि मी मनात केव्हाच समुद्राकडे निघालो होतो. दणका नाही, खडखड नाही, खाडीतल्या होडीसारखा नुसता तरंगत. स्वप्नात असलो की माझे कान सुट्टीवर जातात.

"मी खोटं बोलून माल विकत नाय," जयेशभाई म्हणाले. "बसलेला आहे म्हणून कमी घेतो."

"छे छे! बसलेला आहे म्हणून तर पूर्ण किंमत घ्या!"

"एकदा दाबून तरी बघा!"

"नको. माझा विश्वास बसला."

बघा! अर्थ क्रमांक नऊ!

निघताना त्यांनी जपून विचारलं, "सर, असे बसलेले अजून लागतील? लोक तर फेकून देतात."

"चांगल्या वस्तू फेकू नयेत हो," मी म्हणालो आणि मोठ्या मनाने घरचा पत्ता देऊन आलो.

परत येताना आशागडला उतरलो, तर रमणचं दुकान बंद. भाच्याच्या लग्नाला गेलेला, चार दिवसांनी येणार. मी चिमटा घरी आणून ओट्यावर ठेवला आणि शेजारी खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसलो. नुसतं बघूनसुद्धा मनगटांना आराम पडल्यासारखं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी एक रिक्षावाला आला. हातात रिक्षाचे दोन जंपर. "जयेशभाई बोलले, डहाणूचे सर बसलेले जंपर जमवतात. घ्या. पैसे नको." मला वाटलं, केवढं हे अगत्य! नाही म्हणायचं धैर्य माझ्यात कधीच नव्हतं. ठेवून घेतले. संध्याकाळपर्यंत मोटारसायकलींचे आणखी पाच आले.

तिसऱ्या दिवशी अच्छाडच्या एका गॅरेजातून टेम्पो आला. आत ट्रकचा जंपर. उतरवायला दोघे लागले.

"सर," टेम्पोवाला छाती फुगवून म्हणाला, "असा बसलेला पीस तुम्हाला अख्ख्या तलासरीत मिळणार नाय!"

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "किती दिवस झाले बसून?"

"दोन वर्षं!"

"आणि अजून हलला नाही?"

"हलतोय कसला!"

काय पक्कं काम असेल, मी मनात म्हटलं.

कुसुम दारात येऊन उभी. "अहो, हे काय चाललंय?"

"लोक प्रेमाने देताहेत गं."

"प्रेमाने लोक वालाच्या शेंगा देतात. लोखंड नाही देत."

चौथ्या दिवशी दामूदादा आले. किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत ताडगोळे विकतात ते. लंगडत, एकेक पायरी चढत ओट्यावर आले आणि जंपरांच्या रांगेकडे भक्तिभावाने बघून हळूच म्हणाले, "सर, थोडं तेल द्याल का?"

"कसलं तेल?"

"ह्या बसलेल्या जंपरातलं. गुडघ्याला एकदम गुणाचं असतंय, बोलतात. म्हणून तर तुमी जमवताय ना?"

मी गोंधळलो. ते चुकताहेत की मी? जंपरात तेल असतं का? असलं तर गुडघ्याला चालतं का? मी "दामूदादा, त्याचं असं आहे..." म्हणून सुरुवात केली आणि तिथेच अडलो. तेवढ्यात कुसुमने आतून तिळाच्या तेलात लसूण कढवून बाटली आणली. "दोन वेळा लावा दादा, कोमट करून." मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात, "तुमचं व्याख्यान संपेपर्यंत आणखी दहा गुडघे आले असते."

पाडव्याच्या आदल्या दिवशी रमण आला. ओट्यावरची रांग बघून बिचकला, मग कामाला लागला. जुना चिमटा काढला, नवा घातला. टक् असा आवाज झाला.

"बसला, सर! एकदम मापात!"

"बसलेलाच होता तो," मी अभिमानाने म्हणालो.

रमणने हँडलवर भार टाकला. काही झालं नाही. परत टाकला. जवळजवळ लोंबकळला. बगळ्याचं ध्यान भंगेना.

"सर, हा तर बसलेला आहे."

"अरे, तेच तर मी सांगतोय!"

"तसा नाय सर. बसलेला म्हणजे मेलेला. आत दबला तो दबला, वर येतच नाय. स्प्रिंगच संपली."

मी ओट्याकडे पाहिलं. सायकलीचा एक, रिक्षाचे दोन, मोटारसायकलींचे पाच आणि ट्रकचा तो महापुरुष. सगळे बसलेले. मग मीही बसलो. अकरा पानं, सतरा अर्थ, आणि अठरावा अर्थ एका प्रामाणिक माणसाने मला चार-चारदा तोंडावर सांगितला होता! आणि मी दर वेळी दाद दिली होती!

कुसुम फक्त म्हणाली, "उद्या पाडवा." सायकलीकडे तिने ज्या नजरेने पाहिलं, ती माझ्या ओळखीची होती. स्कूटरकडे तिने तसंच पाहिलं होतं.

मी लगेच फोन लावला. "जयेशभाई, माफ करा. मला बसलेला नको होता."

पलीकडे आधी लोखंड खाली ठेवल्याचा आवाज. मग, "मी घरी बोललो होतो, सर. शिकलेला माणूस आहे, काय तरी शोध लावत असेल." मग लोखंड उपसल्याचा खडखडाट. "काल एक चालू आलाय. चालू देऊ?"

आता मी पोळलेला माणूस. "चालू म्हणजे कोणत्या अर्थाने?"

"सर, दाबला का खाली जातो, सोडला का वर येतो. त्या अर्थाने!"

पाडव्याला गुढी उभारून होते न होते तोच जयेशभाई स्वतः टेम्पो घेऊन हजर, वाटेत आशागडहून रमणलाही उचललेला. बसलेली सगळी मंडळी उचलून नेली, चालू तेवढा ठेवला. रमणने तो बसवला, म्हणजे अर्थ क्रमांक पाच, आणि माझ्याकडून दहा वेळा दाबून घेतला. खाली, वर. खाली, वर. कुसुमनेही एकदा दाबून पाहिला आणि श्रीखंड वाढायला आत गेली. सायकल वाचली!

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. काय सांगू! खड्डे होते तिथेच होते, पण मला ते नुसते ऐकू येत होते. चिकूच्या वाड्यांमधून ऊन गाळून येत होतं. मी पेडल मारत होतो की झोपेत कूस बदलत होतो, कळत नव्हतं. बोटं जागी होती, बाकीचा मी स्वप्नात. समुद्राशी पोचलो तेव्हा ओहोटी होती. ओली वाळू लांबवर चमकत होती. इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. सायकल सुरूला टेकवली आणि ऐसपैस वाळूत मांडी घालून बसलो.

तासभर तरी गेला असेल. मग उठायला गेलो.

पुन्हा उठायला गेलो. गुडघे जागचे हलेनात. हाताने रेटा दिला, तर हात वाळूत गेले. सुरूला टेकून सायकल माझ्याकडे बघत होती.

डोक्यावर ताडगोळ्यांची पाटी घेतलेले दामूदादा ताठ चालत आले. न लंगडता!

"काय सर, बसलात?"

"बसलो, दामूदादा. पूर्ण. दोन्ही बाजूंनी."

त्यांनी पाटी खाली ठेवली, माझ्या काखेत हात घातले आणि एका झटक्यात मला उभं केलं. मग अंगावरची वाळू झटकत, काळजीने म्हणाले,

"एवढं गुणाचं तेल घरात, सर, आणि तुमी सोताला नाय लावत?"