कॅमशाफ्ट आणि पाहुणे

मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं दारात आली की बापाने उठून उभं राहावं, यावर आपली संस्कृती टिकून आहे असं म्हणतात. उमरग्याला हायवेलगत गॅरेज असलेला तो मिस्त्री मात्र उठला नाही.

तो माझ्या जुन्या गाडीत बसला होता. नवा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, बसवला की पहिल्यांदा वीसेक मिनिटं इंजिन चढ्या वेगातच ठेवावं लागतं. मंदावलं तर तेल नीट पोचत नाही आणि कॅमशाफ्ट घासून वाया जातो. म्हणून पाय अॅक्सिलरेटरवर, कान बॉनेटकडे आणि डोळे भजन ऐकताना मिटावेत तसे मिटलेले. तेवढ्यात मुरूमहून मुलाचे वडील सोयरीक ठरवायला आले, सांगितल्या वेळेच्या बरेच आधी.

मिस्त्रीने बसूनच हात जोडले. "राग मानू नका, पाव्हणं. पाय काढला तर ह्यांचं इंजिन जातंय."

पाहुण्यांचा चेहरा फेट्यासारखा ताठ झाला. मी घाबरून म्हणालो, "उठा हो, इंजिनाचं बघू नंतर."

"तुमी गप बसा, साहेब."

पाहुण्यांनी वाकून बॉनेटखाली पाहिलं, मग पुढचं दार उघडून मिस्त्रीशेजारी बसले. "लोकाच्या इंजिनाला इतकं जपताय, तर पोरगी लई जपून वाढवली असंल," ते ओरडले. "च्या इथंच आणा."

सोयरीक इंजिनाच्या वर आवाज चढवून ठरली. हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाही कळली. मग मिस्त्रीने हळूच पाय काढला. इंजिन कुठंही न अडखळता संथ चालत राहिलं आणि आम्ही तिघंही हसलो.

लग्नात नवरदेवासाठी हीच गाडी सजवली. मी एस.टी.ने गेलो.