पाटीच्या पलीकडचं घर

ग्रोनफेल्डची माणसं मोजायचं काम आर्डिस हिन्रिक्सला कुणी सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं ती गावाची कारकून. पाण्याची बिलं, सभेची टिपणं, कुत्र्यांचे परवाने, एवढंच तिच्याकडे. पण कुणाच्या घरी पाळणा हलला, कोण लेकीकडे पिओरियाला राहायला गेलं, हे सगळं तिला तोंडपाठ. दर जनगणनेनंतर वेशीवरच्या हिरव्या पाटीवरचा आकडाही तीच रंगवायची.

या खेपेला तिच्या हिशेबानं गाव चौऱ्याऐंशी माणसांचं, आणि सरकारचा आकडा आला त्र्याऐंशी. तिनं सरकारचा नकाशा पसरून त्यावर बोटानं घर न् घर मोजलं. गळालेलं माणूस ती स्वतःच होती. तिचं घर पाटीच्या पलीकडे, आणि या खेपेला सरकारनं पाटीलाच हद्द धरून तिला भोवतालच्या टाउनशिपमध्ये, म्हणजे गावाबाहेरच्या शेतवस्तीच्या हद्दीत, मक्याच्या शेतांत टाकलं होतं.

लोरेन टिमरमन नुकताच गावाचा पंच झाला होता, आणि नव्या पंचाला नियम जरा जास्तच चावतात. सभेत तो उठला. "आर्डिसबाई, चर्चच्या रविवारच्या शाळेत तुम्ही मला शिकवलंत, बोलायला जड जातंय. पण गावाबाहेरच्या माणसाला कारकून राहता येत नाही. बर्फसुद्धा आम्ही पाटीपर्यंतच काढतो. तुमच्या दारातला टाउनशिपवाले काढतात."

"अरे वा! आता माझं गाव कुठलं ते बर्फ ठरवणार होय?"

बोलली ठसक्यात, पण घरी येऊन ढसाढसा रडली. नवरा गेला तेव्हाही इतकं परकं वाटलं नव्हतं. सगळ्यांना हिशेबात धरलं आणि आपणच बाहेर, हे काही केल्या तिच्या गळी उतरेना.

मे महिन्यात गावाची हद्द तपासायला जिल्ह्याची मोजणीदार आली, पाव्हलिक नावाची तरुण बाई. सोबत जुना नकाशा आणि जमिनीतलं लोखंड हुडकणारं यंत्र. पाटीपाशी यंत्र गप्प. आर्डिसच्या फाटकापाशी गप्प. लोरेन खिशात हात घालून मागं मागं. कोंबड्यांचं खुराडं ओलांडून पाव्हलिक चरात उतरली आणि यंत्रानं बोंब ठोकली. हातभर खणल्यावर गंजलेला लोखंडी खुंट निघाला.

"ही गावाची हद्द," पाव्हलिक म्हणाली. "घर आतच आहे. पाटीच कुणीतरी अलीकडे आणलीय."

लोरेन कानापर्यंत लाल झाला. "आमच्या बाबांनी. मी लहान होतो. बर्फ काढताना त्यांच्या गाडीनं पाटी उडवली. जमीन दगडासारखी गोठलेली, खड्डा होईना. मग अलीकडच्या जुन्या खांबाला ठोकली. वसंतात परत नेतो म्हणाले होते."

"तुझा बाप! माझी शिडीही वसंतातच परत आणणार होता," आर्डिस म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. वर्षभराचं ओझं उतरलं तशी ती तिथंच चराच्या काठावर टेकली. गवत ओलं होतं, तरी बसून राहिली.

पाव्हलिकनं कागद काढला. "गावाच्या कारकुनाची सही लागेल. कोण आहे?"

आर्डिसनं हात पुढे केला नाही. ती लोरेनकडे बघत राहिली.

लोरेननं डोक्यावरची टोपी काढली. "या आर्डिसबाईच की! दुसरं कोण असणार?"

तिनं ओल्या गवतावरच कागद टेकवून सही केली, पण शाई इतकी फुटली, की पाव्हलिकला दुसरा कागद काढावा लागला.