बाबांची ग्रँड टूरर आणि माझ्या खिशातली किल्ली

थांबा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. बाबा बाहेर ड्राइव्हवेमध्ये गाडी धुतायत. धुऊन झाली की ते आत येऊन किल्ली मागणार, आणि किल्ली माझ्या जीन्सच्या खिशात आहे. मी किचनमध्ये उभी राहून फोनवर टाइप करतेय, शुद्धलेखन चुकलं तर चालवून घ्या.

आधी गाडीबद्दल सांगते, कारण त्याशिवाय बाबा कळणार नाहीत. ब्रिटिश ग्रँड टूरर. दोन दरवाजे, बारा सिलिंडर, गडद हिरवा रंग, आणि बॉनेट इतकं लांब की लंडनला ईलिंगमधल्या आमच्या ड्राइव्हवेतून तिचं नाक फुटपाथवर येतं. बाबा वयस्कर लोकांचे डॉक्टर होते, सगळी नोकरी त्याच वॉर्डमध्ये. रिटायर झाले आणि ही सेकंडहँड घेऊन आले. आई दारात उभी राहून म्हणाली, "दोनच दरवाजे? मग मागे कोण बसणार, भाजी?"

मागे मी बसले. मी केंब्रिजला जॉब करते, वीकेंडला घरी येते, आणि रविवारी आम्ही क्रॉयडनला आत्याकडे जेवायला जातो. दर रविवारी तोच रस्ता, आणि दर रविवारी बाबा गाडीचा इतिहास सांगणार. तोही रस्त्याप्रमाणे. क्यू ब्रिज आला की दुसरं महायुद्ध संपायचं.

"इथे साखरेला रेशन, लोण्याला रेशन, आणि ह्या वेड्यांनी काय बनवावं? अशी गाडी, की लंडनहून निघा, पार फ्रान्सच्या समुद्रापर्यंत जा, आणि उतरताना कमरेला कळ नाही. ह्याला म्हणतात ग्रँड टूरिंग." गाडीची कंपनी म्हणे तेव्हा फक्त इंजिन आणि सांगाडा बनवायची. वरची बॉडी दुसऱ्याच वर्कशॉपमध्ये, ॲल्युमिनियम हाताने ठोकून. किंगस्टनला पोचेपर्यंत ती वर्कशॉप्स एकेक करून बंद व्हायची, कारण सांगाडा आणि बॉडी एकच झाली. पुढच्या पेट्रोल स्टेशनवर पेट्रोल महाग व्हायचं आणि लांब बॉनेटची लोकांना लाज वाटायला लागायची. सटनला कंपनी जवळजवळ बुडायची. मग बरीच वर्षं गेल्यावर पुन्हा स्वतःच्या डिझाइनची कूपे, म्हणजे अशीच दोन दरवाजांची. आणि क्रॉयडन आलं की जर्मन लोक येऊन कंपनी विकत घ्यायचे. "आणि मग बनली ही. आपली."

"आता तर हायब्रिड आलीये बाबा," मी मागून म्हणायचे.

"येऊ दे. मी मेल्यावर घे."

ह्या सगळ्याच्या मध्ये मध्ये आई. "अहो, डावीकडे." "अहो, सिग्नल आहे." "पुढच्या राउंडअबाउटला दुसरा एक्झिट."

बाबा म्हणायचे, "अगं, मला काय रस्ता माहीत नाही?"

"माहितीये ना, मग घ्या की डावीकडे."

मला वाटायचं, काय ही कटकट. मी मैत्रिणींना आईची नक्कल करून दाखवायचे, खरंच.

मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या रविवारी ती म्हणाली, तुम्ही दोघं जा. मी शूज घालत होते तर सोफ्यावरून हाक मारली. "पुढे बस आज. फोन बघत बसू नकोस. वळण आलं की बोलायचं."

"आई, बाबांना रस्ता पाठ आहे."

"असू दे. तरी बोल."

मी नाही बोलले. मला ते इतकं विनोदी वाटलं की मी बोललेच नाही. क्यू ब्रिजला युद्ध संपलं, किंगस्टनला वर्कशॉप्स बंद झाली, सगळं नेहमीसारखं. पुढे रस्त्याचं काम चालू होतं. पिवळे बोर्ड, डायव्हर्जन. आम्ही घरांच्या गल्ल्यांतून जायला लागलो आणि बाबा वाक्याच्या मध्येच थांबले. तशाच दोन-तीन गल्ल्या गेल्या. मग एकदम त्याच आवाजात, "युद्ध संपलं होतं. साखरेला रेशन..."

मी हसले. "बाबा, ते झालं ना मघाशी."

"झालं?"

"पेट्रोल महाग व्हायचंय अजून."

ते काचेतून गल्ल्यांच्या पाट्या बघायला लागले. मला वाटलं, चिडले. मी फोन काढला, मेसेज बघत होते, कुठून कुठून क्रॉयडनला पोचलो मला कळलंही नाही. मग टायरखालचा आवाज बदलला. मी वर बघितलं तर आम्ही ट्रामच्या रुळांवर होतो. रस्त्यावरच्या रुळांवर नाही, जिथे फक्त ट्रामच जाते त्या पट्ट्यात, दोन्ही बाजूंना कुंपण. आणि समोरून ट्राम.

मी ओरडले. बाबांचा पाय ब्रेकवर गेला नाही, तो नुसता ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. मीच हात लांब करून पार्किंग ब्रेकचं बटण ओढून धरलं. ट्रामवाल्याने आधीच थांबवली होती. तो घंटी वाजवत होता, वाजवतच होता. आतले लोक उठून काचेतून बघत होते. कोणाला काही झालं नाही, हे आधीच सांगायला हवं होतं, सॉरी.

बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "इथे आई कुठे वळायला सांगते गं?"

तेव्हा मला सगळे "अहो, डावीकडे" आठवले. एकदम सगळे.

परत येताना मी चालवली. बाबा शेजारी बसले, क्यू ब्रिज आला तरी युद्ध संपलं नाही. घरी आई गुडघ्यावर फ्रोझन मटारची पिशवी ठेवून बसली होती. बाबा वर गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"दर रविवारी तुझ्यासमोर सांगत होते. तू मागे हेडफोन घालून हसत होतीस."

मी म्हटलं, ट्राम होती आई, आज आम्ही दोघं गेलो असतो. तिने मटार ह्या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवले, जो दुखत नव्हता त्याच्यावर. म्हणाली, "वॉर्ड गेला. मित्र गेले. आता गाडीपण काढून घे, आणि मग बस त्यांच्याजवळ दिवसभर. तू तर सोमवारी केंब्रिजला."

मी ऑफिसला चार दिवसांच्या सुट्टीचा मेल टाकला.

आज सकाळी जीपीकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे गेलो. मला वाटलं आता काम होईल, कोणीतरी बाहेरचं सांगेल आणि आम्ही सुटू. डॉक्टर तरुण होती, माझ्याएवढीच असेल. तिने मेमरी टेस्ट सुरू केली, आणि मी बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं, काही उपयोग नाही. कारण ही टेस्ट त्यांचीच. म्हणजे हीच टेस्ट त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची घेतली. वीसपासून उलटे आकडे, महिने उलटे, एक नाव आणि पत्ता लक्षात ठेवायचा. तिने पत्ता अर्धा सांगितला, पुढचा अर्धा बाबांनीच सांगून टाकला. वर तिला म्हणाले, "यू आर गोइंग टू फास्ट. पेशंटला श्वास घेऊ दे." ती हसली. फुल मार्क्स.

मी ट्रामचं सांगितलं. बाबा म्हणाले, डायव्हर्जन होतं, कोणीही चुकेल. डॉक्टरने दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, मेमरी क्लिनिकला पाठवते, तोपर्यंत बेटर नॉट टू ड्राइव्ह. कार पार्कमध्ये बाबा मला म्हणाले, "बेटर नॉट म्हणजे सल्ला. ऑर्डर नाही." मीच चालवत घरी आणलं. घरी पोचल्यावर त्यांनी बादली काढली आणि गाडी धुवायला घेतली. आज त्यांना एक चक्कर मारायचीये, पास झाल्याची.

थांबा, ते आत येतायत.

हे नंतर लिहितेय. आले, ओले हात पुढे करून म्हणाले, "किल्ली." आई सोफ्यावर डोळे मिटून पडली होती, झोपली नव्हती.

मी विचारलं, "बाबा, वॉर्डमध्ये पेशंटची मुलं तुम्हाला विचारायची ना, गाडीचं काय करू? तुम्ही काय सांगायचात?"

त्यांनी लगेच सांगितलं, डॉक्टरच्या आवाजात. "लपवालपवी करू नका. तोंडावर सांगा."

मग मी तोंडावर सांगितलं. "बाबा, तुम्ही आता गाडी चालवायची नाही."

त्यांनी मान डोलावली. "बरोबर आहे," म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, टीशर्ट ओला झाला, आणि बाहेर गेले राहिलेली चाकं पुसायला. मी सिंकपाशी उभी राहून रडले, पण सुटल्यासारखंही वाटत होतं.

आणि आत्ता, म्हणजे वरचं वाक्य टाइप करतानाच, ते परत आत आले. हात पुसले, तसाच पुढे केला, आणि तसंच हसून म्हणाले, "किल्ली?"

विसरले की ऐकलंच नाही असं दाखवतायत, मला कळत नाहीये. आईकडे बघितलं, तिलाही कळलेलं नाही. ते उभे आहेत समोर.

तुमच्याकडे झालंय का असं कोणाचं? एकदा सांगणं मला कसंबसं जमलं, पण तुम्ही दुसऱ्यांदा कसं सांगितलंत?