कुकारा

मुन्नारच्या चहामळ्यात दादा नोकरीला आहे. त्याच्या बंगल्यामागच्या झाडीत आज सकाळी एक छोटा निळा पक्षी दिसला, पोट पांढरंशुभ्र. निलगिरीत मी याच्याच भाऊबंदाचं गाणं मोबाइलवर टिपून घेतलं होतं. त्याचं पोट तांबूस होतं. मी ते गाणं हौसेनं वाजवलं. याने मान वाकडी करून ऐकलं आणि पुन्हा पाचोळ्यातले किडे टिपायला लागला.

दोघे एकाच घराण्यातले. पण मधे पालघाटची सखल, उष्ण खिंड आहे, आणि थंड माथ्यावरच्या रानातले हे पक्षी ती ओलांडत नाहीत. लाखो वर्षांत रंग बदलला, गाणंही बदललं. त्याला दोष कसा द्यायचा?

दादाला मात्र मी देते. आमच्या कोकणात डोंगर उतरताना कुकारा घालायची रीत. वरून 'कूऽऽ' केलं की खालून उत्तर यायचंच, आणि कोण आलंय ते आवाजावरूनच कळायचं. काल फाटकाशी उभी राहून मी तसाच कुकारा घातला. दादा घाईघाईने बाहेर आला, त्याने आधी शेजारच्या बंगल्याकडे पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, बेल आहे ना! ओरडतेस काय अशी?"

कुकारा मला शिकवला होता त्यानेच. आमच्यामध्ये कुठली खिंड होती?

दुपारी निघाले, तर छत्री आतच राहिली. परत गेले आणि बेल वाजवली.

आतून दादाने विचारलं, "कोण?"