ताईंची चाळणी

माझ्या थोरल्या बहिणीने सव्वीस वर्षं आकाश साफ केलं. अवकाशातल्या दुर्बिणीकडून येणाऱ्या चित्रांवर एक फिकट उजेड पसरलेला असे. प्रत्येक दीर्घिकेच्या आसपासचा उजेड मोजून तेवढा वजा करणारा प्रोग्राम तिने लिहिला होता. ऑफिसात सगळे त्याला ‘ताईंची चाळणी’ म्हणत. तिला त्या नावाचं कोण कौतुक! बढती कधी मिळाली नाही, नाव मिळालं.

निवृत्तीच्या सहा वर्षं आधी तिच्या लक्षात आलं, की विश्वाच्या बालपणीच्या, फार दूरच्या दीर्घिकांभोवती चाळल्यावर काळं कडं उरतं. म्हणजे गरजेपेक्षा जास्त कापलं जातंय. तिथे हायड्रोजनचा मंद उजेड असेल आणि चाळणी तो कचरा समजून फेकत असेल तर? तिने साहेबांना चिठ्ठी लिहिली: दीर्घिकेपासून जरा लांबचा उजेड मोजून तेवढाच वजा करू या, मग खरं काय ते कळेल. साहेबांनी खाली दोन शब्द खरडले: ‘कडं झाका.’ कडं झाकायची सोयही मग तिनेच केली.

ती निवृत्त झाली. तीन वर्षांनी दुसऱ्या एका गटाने तीच जुनी, न चाळलेली चित्रं बाहेर काढली आणि त्यांना तो उजेड सापडला. साहेबांनी भर सभेत त्यांची पाठ थोपटली आणि म्हणाले, “आमच्याकडे ताईंच्या चाळणीने घोळ केला.” त्या गटाच्या शोधनिबंधातही तेच आलं, चाळणीच्या नावासकट. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव छापून आलं ते असं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

मी तणतणत तिच्या घरी गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“ती चिठ्ठी आहे ना तुझ्याकडे?”

“आहे.”

“मग दाखव की जगाला. त्या माणसाचं पितळ उघडं पडू दे.”

तिने कपाटातून कागद काढून माझ्या हातात दिला. वर तिचं मोत्यासारखं अक्षर, खाली साहेबांचे दोन शब्द. त्याखाली पुन्हा तिचंच अक्षर: ‘आदेशाप्रमाणे झाकले. शंका उरली नाही.’ सही, तारीख.

मला संताप आला, साहेबांपेक्षा तिचाच जास्त. “शंका उरली नाही? अगं, हे कशाला लिहिलंस?”

“नाहीतर फाईल बंद होत नव्हती,” ती म्हणाली. “आणि उलट बोलू नये, हे आईने दोघांनाही शिकवलं होतं. तू ऐकलं नाहीस, मी ऐकलं.”